जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठ, हैदराबाद : पदवी-विद्यार्थिजीवन

तेलंगणातील राज्य विद्यापीठ. मुख्यालय कुकटपल्ली, हैदराबाद. स्थापना २ ऑक्टोबर १९७२. अनंतपूर, काकिनाडा व हैदराबाद येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये तेव्हा एका छत्राखाली आली. त्यांपैकी हैदराबादचे महाविद्यालय १९६५ चे. शहरात असूनही त्याचे नाव नागार्जुनसागर अभियांत्रिकी महाविद्यालय असे होते. २००८ मध्ये विभाजन होऊन काकिनाडा व अनंतपूर येथे स्वतंत्र विद्यापीठे झाली. वास्तुकला व ललितकला यांचे विद्यापीठही निराळे निघाले. लोकांच्या तोंडी नाव ‘जेएनटीयू’ एवढेच.

येथील विद्यार्थी दोन तऱ्हांचे : कुकटपल्लीच्या आवारात शिकणारे आणि संलग्न खाजगी महाविद्यालयांतले. संख्येने दुसरे कितीतरी अधिक. त्यांतील अनेकांचा विद्यापीठाशी संबंध परीक्षा व गुणपत्रिका यांपुरताच येतो.

प्रवेश : राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. ‘एमसेट’ हे तिचे जुने नाव अजून प्रचारात आहे. तेलंगणात आता ती ‘ईएपीसेट’ म्हणून ओळखली जाते. राज्य उच्च शिक्षण परिषदेच्या वतीने ती घेण्याचे काम याच विद्यापीठाकडे असते. ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव. आधार संविधानाचा अनुच्छेद ३७१ (घ) व १९७४ चा राष्ट्रपतींचा आदेश. नांदेड, लातूर हे भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, परंतु तेथील विद्यार्थी या हिशेबात बाहेरचा ठरतो. उरलेल्या जागांवर हक्क कोणाचा, हा आंध्र प्रदेशाच्या विभाजनानंतर वादाचा विषय झाला. पदविकाधारकांना ‘ईसेट’द्वारे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

हॉलतिकीट क्रमांक : दहा चिन्हांचा हा क्रमांक विद्यार्थ्याची खरी ओळख होय. पहिले दोन अंक प्रवेशवर्षाचे, पुढचे दोन महाविद्यालयाचे, नंतर ‘१ए’, मग शाखेचा संकेतांक (स्थापत्य ०१, विद्युत ०२, यांत्रिकी ०३, इलेक्ट्रॉनिक्स ०४, संगणक ०५) आणि शेवटी अनुक्रमांक. पदविकेवरून आलेल्याच्या क्रमांकात ‘१ए’ऐवजी ‘५ए’ असते. निकाल नावाने नव्हे, याच क्रमांकाने पाहिला जातो.

उपस्थिती व परीक्षा : नियमावल्या ‘आर-०९’, ‘आर-१३’, ‘आर-१६’, ‘आर-१८’, ‘आर-२२’ अशा लागू होण्याच्या वर्षावरून ओळखल्या जातात, आणि विद्यार्थी स्वतःची पिढीही त्यांवरूनच सांगतात. विद्यार्थिजीवनाचे सर्वांत भरवशाचे लिखित साधन म्हणजे या नियमावल्याच. एकूण ७५ टक्के उपस्थिती आवश्यक. ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असणाऱ्यास वैद्यकीय वा तत्सम कारणाने, शुल्क भरून, सूट मिळू शकते. त्याखाली घसरलेला ‘डिटेन’ होतो, म्हणजे ते सत्र पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा करतो. ‘आर-१८’मध्ये अंतर्गत २५ व अंतिम ७५ गुण होते, ‘आर-२२’ने हे प्रमाण ४० व ६० केले. सत्रात दोन ‘मिड’, म्हणजे मध्यावधी परीक्षा, असतात. राहिलेला विषय ‘बॅकलॉग’, तो सोडविण्याची पुरवणी परीक्षा ‘सप्ली’. पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम आठ शैक्षणिक वर्षांत न संपल्यास प्रवेश रद्द होतो. रोजच्या बोलण्यातले इतके शब्द परीक्षा विभागाने दिलेले असावेत, हे या विद्यापीठाचे वैशिष्ट्यच मानावे लागेल.

निवास व परिसर : आवारातील वसतिगृहे अपुरी पडतात. बाकीचे विद्यार्थी समोरच्या के.पी.एच.बी. (कुकटपल्ली हाउसिंग बोर्ड) वसाहतीतील खाजगी वसतिगृहांत, एका खोलीत तिघे-चौघे असे राहतात. विद्यापीठ पुण्याहून सोलापूरमार्गे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मियापूर–अमीरपेठ मेट्रो सुरू झाली व ‘जेएनटीयू कॉलेज’ नावाचे स्थानक मिळाले. त्यामुळे अमीरपेठेतील संगणक-प्रशिक्षणवर्ग थेट टप्प्यात आले. शेवटच्या वर्षी अनेकांचा ओढा वर्गापेक्षा तिकडे अधिक असतो.

परंपरा : नवागतांचे स्वागत व शेवटच्या वर्षाचा निरोप हे ठरलेले समारंभ. १५ सप्टेंबरचा अभियंता दिन विश्वेश्वरय्यांचा. पुण्यात शिकलेल्या या अभियंत्याने १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादची पूरनियंत्रण योजना आखली, म्हणून येथे तो उपरा वाटत नाही. शरद ऋतूत विद्यार्थिनी बतुकम्मा, म्हणजे सणाची फुलांची रास, मांडतात. विद्यार्थी-चळवळीची परंपरा मात्र उस्मानिया विद्यापीठाकडेच जाते. कुकटपल्लीकडे तिचा वारसा क्षीण आहे.

क्रीडा : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात.

साहाय्य : राज्याची शुल्क-प्रतिपूर्ती योजना हा अनेक कुटुंबांचा मुख्य आधार; परंतु तिची रक्कम महाविद्यालयांना उशिरा पोचते, अशी तक्रार वेळोवेळी होत आली आहे. रॅगिंगबंदीचा कायदा तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात १९९७ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन वर्षे आधी झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियमही लागू असून प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक या दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मानसिक ताणासाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.