राणीची नौका आणि फ्रान्सचीं बंदरें

तहनाम्यांवरून दोन राष्ट्रांचा स्नेह जोखण्याची इतिहासकारांस संवय असते. परंतु तहनामा तोलूनमापून लिहिलेला असतो. पाहुणा म्हणून गेलेल्याचें मन त्याहून सहज उघडें पडतें. व्हिक्टोरिया राणीनें आपल्या राजनौकेंतून फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांना दिलेल्या भेटी याकरितां पाहण्याजोग्या आहेत.

ता. २ सप्टेंबर १८४३ रोजीं ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ ही नवी कोरी आगबोट ल त्रेपोर या लहानशा बंदरापुढें येऊन उभी राहिली. राजा लुई फिलिप पडावांत बसून समुद्रांत सामोरा आला आणि राणीस जवळच्या आपल्या वाड्यावर घेऊन गेला. आठव्या हेन्रीनंतर, गादीवर असलेल्या इंग्लंडच्या अधिपतीनें फ्रान्सच्या राजाला त्याच्या देशांत जाऊन भेटण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. दोन वर्षांनीं राणी पुन्हां तेथेंच आली, तेव्हां ओहोटीमुळें होडी धक्क्याला लागेना. अखेर समुद्रस्नानासाठीं वापरण्याची चाकांची खोली आणवून तींतून या थोर मंडळींस किनारा गांठावा लागला! समुद्र मुकुटांना जुमानीत नाहीं. पण मुकुटांनींही त्या दिवशीं तें हंसून साजरें केलें.

हा जिव्हाळा वर्षभरच टिकला. स्पेनच्या राणीस संतति होईपर्यंत तिच्या धाकट्या बहिणीशीं आपल्या मुलाचा विवाह करणार नाहीं, असें आश्वासन लुई फिलिपनें दिलें होतें. १८४६ च्या ऑक्टोबरांत दोघी बहिणींचीं लग्नें एकाच दिवशीं लागलीं. व्हिक्टोरियेला हा विश्वासघात वाटला. पुढें १८४८ च्या क्रांतींत हाच राजा कल्ले काढून, ‘स्मिथ’ हें नांव घेऊन, ल हाव्र बंदरांतून इंग्रजी आगबोटीनें निसटला. तेथील इंग्रज कॉन्सलनें त्याला आपला काका म्हणून मिरविलें. राणीनें झालेलें विसरून त्यास आश्रय दिला.

क्रिमियाच्या युद्धांत तिसरा नेपोलियन इंग्लंडचा दोस्त झाला. १८५५ च्या ऑगस्टांत बुलोनच्या धक्क्यावर त्यानें राणीचें स्वागत केलें. तीनच वर्षांनीं, ता. ४ ऑगस्ट १८५८ रोजीं, राणीची नौका शेर्बुर येथें आली. हिंदुस्थानांतील कंपनीचा अंमल संपवून तो राणीच्या नांवें करणाऱ्या कायद्यास मंजुरी मिळून तेव्हां अवघे दोनच दिवस झाले होते. एक साम्राज्य नुकतेंच पदरांत पडलेल्या राणीला येथें काय दिसलें? सुमारे सव्वादोन मैल लांबीचा समुद्रांतील बांध, त्यावरील तोफा, आणि इंग्लंडच्या समोर उभें राहिलेलें आरमारी ठाणें. मेजवान्या झाल्या, दारूकाम झालें. परंतु राणी व तिचा पति चिंता घेऊन परतलीं. दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडच्या संरक्षणाचा विचार करण्यास कमिशन नेमलें गेलें आणि पोर्टस्मथभोंवतीं नवे किल्ले उठूं लागले.

यजमानाचें आदरातिथ्य खोटें होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. राज्यकर्त्यांचा स्नेह खरा असूनही त्यांच्या राज्यांचें भय त्याहून खरें असूं शकतें, एवढेंच या सहली सांगतात. भयही मात्र चिरंजीव नसतें. त्या किल्ल्यांवर फ्रेंच आरमार कधींच चालून आलें नाहीं. आणि शेर्बुरच्या ज्या बांधानें राणीची झोंप उडविली, त्याच्याच आडोशाला आज इंग्लंडहून सहलीस आलेलीं साधीं माणसें आपल्या शिडाच्या नौका बांधून निर्धास्त झोंपतात.