बलू (अक्षरटंक)

बलू : ठळक, गोलसर वळणाचा, शीर्षकांसाठी घडवलेला देवनागरी टंक (फॉन्ट). मुंबईतील ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या गटाने तो २०१६ मध्ये खुला केला. देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची. तांत्रिक घडणीत गिरीश दळवी यांचा वाटा आहे. सलग मजकुरापेक्षा मुखपृष्ठे, भित्तिपत्रके, फलक अशा मोठ्या आकारातील कामांना तो शोभतो.

रचना : देवनागरी अक्षर जाड करणे रोमनपेक्षा अवघड असते. शिरोरेघ, उभी दांडी, गाठी, वेलांट्या, मात्रा थोड्या जागेत एकवटतात आणि रेघ जाड होताच आतल्या पोकळ्या बुजू लागतात. रायगड किनाऱ्यावरील ‘हरिहरेश्वर’ हे नाव फलकावर ठळक लिहायचे तर दोनदा ‘ह’ची वळणे, ‘रि’ची वेलांटी, ‘रे’ची मात्रा आणि ‘श्व’ हे जोडाक्षर एका ओळीत सांभाळावे लागते. शिवाय धावत्या एसटीतूनही नाव वाचता आले पाहिजे. म्हणून ठळक टंकाचा खरा कस काळ्या रेघेपेक्षा तिने राखलेल्या पांढऱ्या जागेत लागतो. बलूमध्ये भरीव, मऊ वळणांना निमुळत्या टोकांची जोड दिली आहे. याच गटाच्या ‘मोदक’ टंकात जाडी इतकी वाढवली आहे, की पोकळ्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा उरतात.

तिरपे रूप : बलूला स्वतंत्र तिरपे रूप नाही. रोमन लिपीत तिरपा टंक सोळाव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमधील छपाईत रुळला. देवनागरी छपाईत तशी जोडी परंपरेने नव्हती. संगणकावर ‘इटॅलिक’ची कळ दाबली, की उभ्या दांड्या कलतात, शिरोरेघ आडवीच राहते आणि गोल वळणे एका बाजूला ओढली जातात. चांगल्या तिरप्या देवनागरीसाठी प्रत्येक अक्षर नव्याने रेखावे लागते.

विस्तार : मूळ प्रकल्पात नऊ भारतीय लिप्या व रोमन यांचा समावेश होता. लिपीगणिक नावाला त्या त्या भाषेतील भावाचे संबोधन जोडलेले आहे : गुजराती ‘भाई’, बंगाली ‘दा’, गुरुमुखी ‘पाजी’, तमिळ ‘तंबी’, मल्याळम ‘चेट्टन’. प्रत्येक लिपीचे वळण तिचेच राहते, तरी सगळी एका घरातली दिसतात. पहिल्या आवृत्तीत एकच जाडी होती. २०१९ च्या ‘बलू २’मध्ये साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाड्या आल्या.

महत्त्व : मराठी शीर्षकाक्षरांची समृद्ध परंपरा हाताने घडली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिराती व नियतकालिकांच्या शीर्षकांतून अक्षरांना स्वभाव दिला. असा चित्रकार प्रत्येक छापखान्याला लाभत नाही. बलू मुक्त परवान्याखाली असल्याने तो विनामूल्य वापरता येतो, त्यात बदलही करता येतात. त्यामुळे तालुक्याच्या गावातील फ्लेक्स छापणाऱ्यालाही विचारपूर्वक रेखलेले मराठी अक्षर हाताशी मिळते, हे त्याचे मोठे योगदान होय.