देवदूतासारख्या शुद्ध, पण...

पास्कल म्हटलं की आम्हा इंजिनियर लोकांना दोनच गोष्टी आठवतात. दाब मोजायचं एकक आणि एक जुनी प्रोग्रॅमिंग लँग्वेज. या ब्लेझ पास्कलची धाकटी बहीण जाकलीन नन होती, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. तिच्या मठाची गोष्ट वाचायला घेतली आणि अख्खा शनिवार त्यात गेला.

मठाचं नाव पोर-रोयाल, पॅरिसजवळ. १६०२ साली आंजेलिक आर्नो तिथली प्रमुख झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांची होती! वडील बडे वकील, त्यांनी वशिला लावलेला. पण पोरगी मोठी होऊन खरंच बदलली. १६०९ साली भेटायला आलेल्या वडिलांनाच तिने नियमावर बोट ठेवून दाराबाहेर उभं केलं. मठ सुधारला, शिस्त आली.

१६१९ मध्ये तिची भेट फ्रान्स्वा द साल या बिशपशी झाली. गृहस्थ मोठे मवाळ. उपास, जागरणं यांचा अतिरेक नको, स्वतःच्या चुकांवरही फार चिडू नका, असं सांगणारे. त्यांनी जान द शांतालबरोबर स्थापन केलेल्या व्हिजिटेशन संघात जायची आंजेलिकची इच्छा होती. ते जमलं नाही, आणि १६२२ च्या डिसेंबरात ते वारले.

पुढे मठावर प्रभाव पडला सँ-सिरान या कडक गुरूचा. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेण्याआधी खरा पश्चात्ताप हवा, त्यासाठी प्रसंगी कम्युनियन लांबवावं, ही त्याची शिकवण. १६४३ साली आंजेलिकच्या भावाने यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. हेतू चांगलाच होता. पण औषधाचं हळूहळू बक्षीस झालं.

मग यान्सेन नावाच्या बिशपच्या ग्रंथावरून वाद पेटला. पोपने १६५३ मध्ये पाच विधानं पाखंडी ठरवली. ती यान्सेनच्या ग्रंथात आहेत, असं मान्य करून सही करा, असा ननना हुकूम झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तो लॅटिन ग्रंथ आम्ही वाचलेला नाही, मग त्यात काय आहे याची शपथ कशी घेऊ? मला तरी यात चूक दिसत नाही. जाकलीनने १६६१ साली मन मारून सही केली आणि काही महिन्यांतच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली.

१६६४ मध्ये पॅरिसचे आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः मठात आले. या बायका देवदूतासारख्या शुद्ध पण सैतानासारख्या गर्विष्ठ आहेत, असं ते म्हणाल्याचं सांगतात. गंमत म्हणजे, ननच्या नोंदींनुसार तेव्हा आर्चबिशपसाहेबांचाच तोल पूर्ण सुटला होता! काही ननना उचलून दुसऱ्या मठांत डांबलं. सही न करणाऱ्यांना १६६९ पर्यंत कम्युनियन बंद. शेवटी १७०९ मध्ये चौदाव्या लुईने उरलेल्या ननना हाकललं, आणि पुढच्या वर्षीपासून मठ पाडायला घेतला.

येशूच्या दृष्टान्तात एक परुशी आहे, 'मी इतरांसारखा नाही' म्हणून देवाचे आभार मानणारा. इथे प्रत्येकाला समोरच्यात परुशी दिसला. माणूस स्वबळावर काहीच करू शकत नाही, सगळी देवाची कृपा, असं मानणारे लोक हे! याहून नम्र सिद्धान्त सापडणार नाही. पण नम्रतेचा सिद्धान्त बरोबर असणं आणि नम्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे वाचताना माझाच एक कोड रिव्ह्यू आठवला. नवीन पोराच्या कोडमध्ये मी सतरा चुका काढल्या होत्या. सतराही बरोबर. त्यानंतर त्याने मला काही विचारणंच सोडलं. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगा हळवा आहे.

१९०५ साली पोप दहाव्या पायसने रोजच्या कम्युनियनची वाट मोकळी केली. महापापाचं ओझं नको आणि हेतू शुद्ध हवा, एवढीच अट. फ्रान्स्वाचा मवाळपणा शेवटी टिकला. ननचं ते एक वाक्यही, 'वाचलं नाही त्यावर सही नाही', मला खरंच वाटतं. आंजेलिकला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या असं वाटत राहतं.

असो. सोमवारी त्या पोराशी बोलायचं ठरवलंय. अठरावी चूक माझी होती.