कानोच्या बाजारात कवड्या मोजताना

फेब्रुवारी १८५१. आगादेसहून वाळवंटातल्या तुआरेगांच्या मिठाच्या उंटांबरोबर तुम्ही निघालात, कात्सिना मागे पडलं, आणि आता समोर पश्चिम आफ्रिकेतल्या कानोचा मातीचा तट उभा आहे. वेशीतून आत शिरलं की शहर लागेल, अशी तुमची समजूत. लागतात ती शेतं. नुसती शेतं, मधूनच एखादं ताडाचं झाड, आणि लांब दाला टेकडीचा माथा. वेढा पडला तर आतल्या आत पिकवून खाता यावं म्हणून तटाने एवढी जमीन पोटात घेतली आहे. यातलं शहाणपण उद्या कळेल. आज एवढंच कळतं की वाट संपत नाही, सहारावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने ओठ फुटलेत आणि कुणी काही बोललं तर कळत नाही.

मिळालेली खोली अंधारी, खिडकी नसलेली. रागवायचं कुणावर? याच शहरात हाइनरिश बार्थ नावाचा जर्मन संशोधक असाच वैतागून पडला आहे. इंग्रजांच्या मोहिमेबरोबर त्रिपोलीहून वाळवंट तुडवत आलेला, याच महिन्यात तिशी गाठणारा. अंगात ताप, हातात रोकड नाही आणि घेणेकरी दारात. तुमचं त्याच्यापेक्षा बरं आहे. तुमच्याकडे चांदीचा एक डॉलर आहे.

सकाळी तो मोडायला कुर्मी बाजारात जा. एका डॉलरला अडीच हजार कवड्या! त्याच, भवानीच्या माळेत नि सारीपाटावर पाहिलेल्या. मालदीवच्या समुद्रातून निघून त्या बंगालात चलन झाल्या, जहाजांच्या पोटातून पार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागल्या आणि इथवर पोचल्या. मोड देणारा चटईवर ढीग ओततो आणि दोन बोटांनी पाच-पाच ओढत मोजू लागतो. मोजून घ्यायचं काम तुमचं. विसाव्या की एकविसाव्या पाचाला तुमचा घोळ होतो. भोवतीची पोरं खिदळतात, त्यातलंच एक पोरगं बसकण मारून तुमच्यासाठी मोजायला लागतं. या शहरात तुमच्यासाठी कुणी काही केलं ते हे पहिलं. तीनेक किलोंचं गाठोडं खांद्यावर येतं आणि तुम्ही गिऱ्हाईक होता. माझं तर मत असं की अनोळखी शहर नुसतं बघून कधी आपलं होत नाही. त्यात काहीतरी विकत घ्यावं लागतं.

पहिली खरेदी ‘मासा’ नावाच्या पदार्थाची. आंबवलेल्या तांदळाचं पीठ, खळगे असलेलं मातीचं भांडं, कडेने सोडलेलं तेल: आपले आप्पेच म्हणा. विकणारी म्हातारी आधी विचारते, ‘इना क्वाना?’ रात्र कशी गेली? खरं सांगत बसायचं नसतं. ‘लाफिया लाऊ’ म्हणायचं, झकास. मग घरच्यांचं कसं, कामाचं कसं, थंडीचं कसं. भाव विचारायला अजून अवकाश आहे.

पोट भरल्यावर नाक उघडतं. कोफर माता वेशीकडून आंबूस वास येतो तो निळीचा. इथली रंगाऱ्यांची कुंडं १४९८ पासूनची, असं परंपरा सांगते. जमिनीत खोल गोल खड्डे, आत नीळ, राख आणि खार. रंगारी काठावर उकिडवा बसून कापड बुडवतो, पिळतो, वर उचलून वारा देतो. बाहेर येताना ते हिरवट असतं. बघता बघता निळं होतं. पुन्हा बुडवणं, पुन्हा वारा. शेवटी ओंडक्यावर पसरून दोघं जण लाकडी मोगऱ्यांनी समोरासमोर असं कुटतात की काळपट निळ्याला धातूची झाक चढते. तुआरेगांचे चेहऱ्यावरचे फेटे हेच. तिंबक्तूपासून त्रिपोलीपर्यंत कानोचं कापड अंगावर घेतलं जातं. तुम्हीही एका फेट्याला हात घालता. आकडा ऐकून ‘या यी त्सादा’, फार महाग, असं तोंडातून निघून जातं. रंगारी खूश होतो. आता खरी घासाघीस.

पण बाजार तिथेच संपत नाही. पुढच्या एका छपराखाली माणसं रांगेने बसवलेली आहेत, विकायला. अर्धी उघडी, गिऱ्हाइकं त्यांचे दात तपासताहेत. वर्षाला पाचेक हजार गुलाम इथून बाहेर जात असावेत, असा बार्थचा अंदाज. तिथेही कवड्या पाच-पाचनेच मोजल्या जातात. कानो आवडू लागलं असेल तर हे छप्पर वगळून नव्हे. बार्थनेही वगळलं नाही. याच महिन्यात तो घोड्यावर बसून गल्ल्यागल्ल्यांतून फिरला, त्याची मरगळ उतरली, आणि त्याने गजबजलेली दुकानं नि गुलामांची रांग एकाच वर्णनात लिहून ठेवली. एका अख्ख्या कुटुंबाला इथे वर्षभर सुखाने राहायला पन्नास-साठ हजार कवड्या पुरतात, हा हिशेबही त्याचाच. तुम्ही तो मनात डॉलरमध्ये करून बघता: वीस ते चोवीस.

९ मार्चला बार्थ पूर्वेला, बोर्नूच्या कुकावाकडे निघेल. तुमच्या मीठवाल्यांनीही उंट लादायला काढलेत, धान्य आणि कापड घेऊन ते उत्तरेला परतणार. येताय ना, असं त्यांच्यातला एक विचारतो. तुम्ही म्हणता, तुम्ही व्हा पुढे, माझ्या फेट्याची कुटाई अजून व्हायची आहे.