फोटोतला नको असलेला माणूस पुसला, तर त्याच्या जागी येतं ते नेमकं काय असतं?

रविवारी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर फोटो काढला, तर तो एकट्याचा फोटो कधीच नसतो. मागे कुणीतरी सेल्फी काढत असतं, पायाशी पाण्याची रिकामी बाटली असते, एखादं अनोळखी कुटुंब अर्धं फ्रेममध्ये आलेलं असतं. यावरचा उपाय आता खिशातच आहे. फोटो उघडायचा, नको असलेल्या माणसावर बोट फिरवायचं, दोन-चार सेकंद थांबायचं. माणूस गायब होतो आणि त्याच्यामागे झाकलेला दरवाजा, त्यावरचे अणकुचीदार खिळे, सगळं जागच्या जागी दिसायला लागतं.

गंमत अशी की ते खिळे शनिवारवाड्याचे नसतात. कॅमेऱ्याला ते दिसलेच नव्हते, कारण समोर माणूस उभा होता. टूलने आजूबाजूचे खिळे बघून तिथे कसे असतील याचा अंदाज केला आणि नवे काढले. मोजायला गेलात, तर एखादा कमी किंवा जास्तही भरेल.

'इरेज', 'रिमूव्ह', 'क्लीन अप' ही बटणांवरची नावं त्यामुळे थोडी फसवी आहेत. ही टूल्स पुसण्यापेक्षा भरण्याचं काम जास्त करतात. हे एकदा समजलं की ती कुठे बिनधास्त वापरायची आणि कुठे अजिबात नाही, हेही समजतं.

हे काम कसं चालतं?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची एक सपाट जाळी. त्यात माणसाच्या मागे दुसरा थर नसतो. माणूस काढला की तिथे उरतं ते भोक. ते बुजवण्याच्या तंत्राला 'इनपेंटिंग' म्हणतात. हा शब्द जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांकडून आला. २००० साली मार्सेलो बेर्ताल्मिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संगणकाच्या जगात आणला. भोकाच्या कडेपर्यंत आलेल्या रेषा आणि रंग हळूहळू आत ओढत न्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. फोटोवरचा ओरखडा किंवा घडीची रेघ त्यातून छान जायची. पण अख्खा माणूस काढला, तर मागे धुरकट डाग राहायचा.

पुढची उडी ठिगळाची. २००९ साली 'पॅचमॅच' नावाची पद्धत आली. भोकाच्या आजूबाजूला दिसतं तसे छोटे तुकडे त्याच फोटोत इतरत्र शोधायचे आणि आणून जोडायचे. २०१० साली फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीत 'कंटेंट-अवेअर फिल' आलं, तेव्हा अनेकांना ती जादूच वाटली होती. गोधडीला त्याच कापडाचं ठिगळ लावावं तसा हा प्रकार. त्याची मर्यादाही ठिगळाचीच होती. जे फोटोत कुठेच नाही, ते आणायचं कुठून? मग एकच ढग आकाशात दोनदा दिसायचा आणि चोरी पकडली जायची.

एआयने ही मर्यादा मोडली. या मॉडेल्सना लाखो फोटो दाखवून शिकवलं जातं. फोटोचा एखादा भाग मुद्दाम झाकायचा, मॉडेलला तो भरायला लावायचा आणि मूळ फोटोशी ताडून चूक दाखवून द्यायची. २०२१ साली आलेलं 'लामा' हे मॉडेल असंच शिकलेलं होतं आणि मोठी भोकंही ते बऱ्यापैकी बुजवायचं. त्यानंतरची जनरेटिव्ह टूल्स आणखी पुढे गेली. त्यातली बरीचशी भोकात आधी नुसती रंगीत खरखर भरतात आणि टप्प्याटप्प्याने ती साफ करत, आजूबाजूला शोभेल असं चित्र त्यातून काढतात. म्हणजे ठिगळाऐवजी कापडच नवं विणायचं. त्यामुळे एकाच फोटोवर तीनदा प्रयत्न केला, तर तीन वेगवेगळ्या 'पार्श्वभूमी' मिळू शकतात. यातली खरी कोणती? एकही नाही.

फोनवर हे सगळं येऊन फार वर्षं झालेली नाहीत. गूगलचं मॅजिक इरेजर ऑक्टोबर २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत आलं आणि मे २०२४ पासून ते गूगल फोटोजमध्ये इतर फोनवाल्यांनाही फुकट मिळू लागलं. फोटोशॉपमध्ये 'जनरेटिव्ह फिल' २०२३ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ मध्ये 'जनरेटिव्ह एडिट' जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲपलचं 'क्लीन अप' आयओएस १८.१ सोबत ऑक्टोबर २०२४ मध्ये. ॲपलचं हे टूल आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनवरच चालतं, त्यामुळे जुन्या आयफोनवर ते शोधत बसू नका.

कुठे जमतं आणि कुठे गडबड होते?

आकाश, समुद्र, वाळू, गवत, साधी भिंत, म्हणजे जिथे नेमकं काय आहे याने फारसा फरक पडत नाही, तिथे निकाल उत्तम येतो. काशीदच्या किनाऱ्यावरची अनोळखी माणसं सहज निघतात. केस, बोटं, जाळी, झाडाच्या बारीक फांद्या अशा ठिकाणी कडा बिघडतात. खांद्यावर कुणाचा हात असेल आणि तो माणूस काढला, तर हात लटकत राहतो किंवा खांदाच नवा येतो.

सावली आणि प्रतिबिंब ही हमखास विसरली जाणारी जागा. काही टूल्स सावली आपोआप निवडतात, काही नाही. माणूस गेला आणि त्याची सावली फरशीवर तशीच पडून राहिली, असे फोटो सोशल मीडियावर रोज दिसतात. म्हणून बोट फिरवतानाच सावली, पाण्यातलं प्रतिबिंब, मागच्या गाडीच्या काचेतली छबी हे सगळं धरा. वस्तूच्या कडेबाहेर थोडी जास्त जागा निवडा. आणि पाच माणसं एकदम काढण्यापेक्षा एकेक काढा.

अक्षरांच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहायला हवं. दुकानाच्या पाटीसमोरचा माणूस काढला, तर टूल पाटीवर अक्षरांसारखं काहीतरी काढतं. देवनागरीत तर ते बहुतेक वेळा कुठल्याच भाषेचं नसतं. पाटीचं हसू येईल, पण शिलालेखाचं काय? रायगडावर जगदीश्वर मंदिरापाशी हिरोजी इंदुलकरांच्या नावाचा शिलालेख आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या कुणाला फोटोतून काढलं, तर तिथे दगडावर कोरल्यासारखी दिसणारी खोटी अक्षरं येऊ शकतात. असा फोटो नेटवर फिरला आणि उद्या कुणी अभ्यासासाठी घेतला, तर चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एक कॅमेरा पुसला आणि नोकरी गेली

बातमीदारीत हा प्रश्न एआयच्या आधीच निकाली निघाला आहे. नार्सिसो कोंट्रेरास हा असोसिएटेड प्रेस म्हणजे एपीसाठी काम करणारा फोटोग्राफर. सीरियातल्या युद्धाच्या फोटोंसाठी एपीच्या ज्या चमूला २०१३ चं पुलित्झर मिळालं, त्यात तो होता. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याने आडोसा घेणाऱ्या एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. खालच्या डाव्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. नजर तिकडे जाते म्हणून त्याने तो पुसला आणि तिथे आजूबाजूची जमीन भरली. फोटोचा अर्थ बदलला नव्हता. सैनिक खरा होता, युद्धही खरं होतं.

जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे जवळपास ५०० फोटो तपासले गेले. दुसऱ्या एकाही फोटोत फेरफार सापडला नाही, तरी ते सगळे विक्रीच्या संग्रहातून काढून टाकण्यात आले. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही असंच झालं होतं. स्टेपान रुडिक या युक्रेनी फोटोग्राफरने फोटोतून कुणाच्या तरी पावलाचा डोकावणारा तुकडा काढला, एवढ्यावरून त्याचं बक्षीस रद्द झालं.

शिक्षा अति वाटते? माझ्या मते नाही. वाचक घटनास्थळी नसतो. फोटोतला कोपरा खोटा निघाला, तर मधला भाग खरा आहे हे त्याने कशाच्या भरवशावर मानायचं? स्टालिनच्या काळात मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठच्या फोटोतून निकोलाय येझोव्ह गायब झाला, तेव्हा त्याच्या जागी भरलेलं पाणीही अगदी खरं वाटत होतं.

मग आपल्याला काय?

आपण बातमीदार नसलो, तरी आपल्या फोनमधले कितीतरी फोटो पुरावा असतात. अपघातानंतर गाडीचा पोचा, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, भाड्याचं घर सोडताना भिंतींची अवस्था, पावसाने आडवं झालेलं सोयाबीन. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचं संरक्षण जिथे लागू असतं, तिथे गारपिटीसारख्या आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते आणि त्या गडबडीत काढलेले फोटो पुढे महत्त्वाचे ठरू शकतात. त्यातला विजेचा खांब किंवा मध्ये आलेला भाऊ 'फोटो नीट दिसावा' म्हणून काढलात, तर नुकसान खरं असूनही फोटो संशयात येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. एक पिक्सेल बदलला तरी ठसा वेगळा येतो.

फ्लॅट विकताना खिडकीसमोरचा मोबाइल टॉवर फोटोतून काढणं ही तर सरळ ग्राहकाची फसवणूक आहे. आणि लग्नाच्या फोटोग्राफरने नमुना म्हणून पाठवलेल्या फोटोंवरचं त्याचं नाव पुसायचा मोह होत असेल, तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ब वाचा. हक्काची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे.

घरच्या अल्बमचं म्हणाल, तर सहलीच्या फोटोतून कचरापेटी काढायला कुणाची हरकत असणार? आजोबांचा एकुलता एक फोटो असेल, तर मात्र थांबा. चेहऱ्यावरून गेलेली घडीची रेघ एआयने काढली, की त्या पट्ट्यातला डोळा किंवा मिशीची कड हा अंदाज असतो. पुढच्या पिढीला तोच चेहरा आजोबांचा म्हणून माहीत होईल. अशा फोटोचं आधी नीट स्कॅन करा, दुरुस्ती त्याच्या कॉपीवर करा आणि दोन्ही ठेवा.

फोटो जातो कुठे आणि खूण राहते का?

ॲपलचं क्लीन अप फोनवरच काम करतं. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ मध्ये आलेल्या जनरेटिव्ह एडिटलाही इंटरनेट लागायचं. अनोळखी फुकट वेबसाइटवर आधार कार्ड, मुलांचे फोटो किंवा हॉस्पिटलचे कागद 'साफ' करायला टाकू नका.

फेरफाराची खूण बऱ्याचदा राहते. सॅमसंग जनरेटिव्ह एडिट केलेल्या फोटोच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह उमटवतं. ॲपल आणि गूगल फोटोच्या माहितीत, म्हणजे मेटाडेटात, तशी नोंद करतात. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवला की ही माहिती दिसते. पण फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, की तो दाबून लहान केला जातो, मेटाडेटा गळतो आणि हॅशही बदलते. त्यामुळे विमा कंपनीला किंवा वकिलाला फोटो पाठवायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून डिलीट करू नका.