न्हाणाचं मखर

भाद्रपद जवळ आला की सांताक्रूझच्या बाजारात मखरं दिसू लागतात, ती गणपतीची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी घरात मखर आणखी एका कारणाने सजे: लग्न झालेल्या पोरीला न्हाण आलं म्हणून. केळीचे खुंट बांधलेल्या मखरात ती कोवळी मुलगी बसे. साखर वाटली जाई, वाजंत्री लागे, दोन्हीकडच्या बायका गाणी म्हणत. चौथ्या दिवशी न्हाऊ घालून हिरवं लुगडं, ओटी. पुढे ऋतुशांती आणि गर्भाधान. मुलगी वयात आल्याचा हा आनंद होता, असं आज कौतुकाने सांगतात. मला ते अर्धंच पटतं. पोर आता नवऱ्याकडे पाठवण्याजोगी झाली, याची ती दवंडी होती.

पुरावा १८९१ च्या वादात सापडतो. संमतिवय दहावरून बारा करायचं म्हटल्यावर विरोधकांचा मुख्य आक्षेप होता, की बाराच्या आत न्हाण आलं तर गर्भाधान लांबेल आणि धर्म बुडेल. टिळकांनी ‘केसरी’तून सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राचेच आधार काढून उशीर चालतो असं दाखवलं. गंमत म्हणजे दोन्ही बाजू न्हाण आणि शय्या एकाच दोरीत बांधून बोलत होत्या. पुढे शारदा कायद्याने १ एप्रिल १९३० पासून मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा केलं. कायदा सर्रास मोडला गेला, पण शहरी मध्यमवर्गात शाळेपायी लग्नाचं वय वाढतच होतं. न्हाण लग्नाआधी येऊ लागलं. दवंडी ऐकायला सासरच उरलं नाही, तेव्हा ती कोणासाठी पिटायची?

यावर कोणी म्हणेल, शहरात लाज वाढली, जागा आटली, म्हणून सोहळा गेला. पण तमिळनाडूत हाच सोहळा अविवाहित मुलीचा असतो, मामा आहेर घेऊन येतो, आणि चेन्नईसारख्या शहरातही तो हॉल घेऊन होतो. शहराने तिथे त्याला मारलं नाही. शिवाय आपल्याकडे मखर गेलं तरी ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसणं पुढे कित्येक दशकं टिकलं. लाजच कारण असती तर बाहेरची ही जाहीर शिवाशिव आधी सुटायला हवी होती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: न्हाणाचं मखर गेलं आणि मुंज टिकली, ती मुलग्याची म्हणून. हे बरंचसं खरं; पण मुंजीचा धागा लग्नाशी नव्हता, विद्येशी होता, त्यामुळे लग्नाचं वय सरकल्याने तिला धक्का बसला नाही. इथिओपियातल्या मुर्सींकडे तर मुलग्यांचं वय शरीरावरून ठरतच नाही. त्यांचा ‘निठा’ हा विधी १९९१ मध्ये झाला तो तीस वर्षांनी, आणि तोवर बापे झालेलेही तांत्रिकदृष्ट्या पोरंच होते. समाज म्हणेल तेव्हा माणूस मोठा. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत शरीराने हाक दिली की समाज लगेच ‘ओ’ देई.

मधल्या काळात विद्येचा धागा मुलींकडेही आला. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा जुहूचा परिसर सांताक्रूझ पश्चिमेलाच आहे. तिथे प्रवेश घेणारी मुलगी अठराच्या आसपासची असते. मखरातली पोर तोवर बहुधा आई झालेली असे.