कॅमेरा जवळ आला तेव्हा

व्हिडिओ गेममधला नायक ‘मोठा होतो’ म्हणजे नेमके काय होते? निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे उत्तर सरळ होते. मारिओला अळिंब मिळाले की त्याची उंची १६ ठिपक्यांवरून ३२ होई. शत्रूचा धक्का लागला की पुन्हा १६! २४० ओळींच्या पडद्यावर चेहऱ्याच्या वाट्याला मूठभर ठिपके येत, तिथे भाव कुठून दाखवणार? मारिओची मिशीसुद्धा या टंचाईतूनच उगवली. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तोंड रेखाटायला जागा नव्हती, म्हणून शिगेरू मियामोटो यांनी नाकाखाली मिशी काढली.

पुढे खेळ त्रिमित झाले आणि नवाच प्रश्न आला: नायकाकडे पाहायचे कुठून? १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये ढगावर बसलेला एक प्राणी गळाच्या काठीला कॅमेरा टांगून मारिओच्या मागे फिरतो. आरशाच्या खोलीत तो दिसतोसुद्धा. चौकट कोणीतरी निवडत असते, हे खेळाडूला इतक्या उघडपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

ही निवड काय करू शकते, हे ‘गॉड ऑफ वॉर’ या अमेरिकी मालिकेत दिसते. २००५ च्या पहिल्या खेळात कॅमेरा बहुधा दूर, उंचावर असतो आणि तो हलवणे खेळाडूच्या हाती नसते. क्रेटोस हा स्पार्टाचा योद्धा. त्याच्या हातून स्वतःची बायको आणि मुलगी मारली गेली आहेत. पण दुरून आपल्याला दिसतो तो त्याचा संताप, आणि शत्रूंची पडझड.

२०१८ च्या खेळात तोच क्रेटोस पुन्हा बाप झाला आहे. दुसऱ्या पत्नीची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून उधळायला तो लहानग्या अट्रेयसबरोबर निघतो. दिग्दर्शक कोरी बारलॉग यांनी कॅमेरा थेट त्याच्या खांद्यामागे आणला आणि सारी कथा एकाच अखंड दृश्यासारखी मांडली. मुलगा पहिले हरीण मारून हादरतो. बापाचा हात त्याच्या पाठीकडे जातो, अधांतरी थांबतो आणि मागे येतो. जुन्या अंतरावरून हा हात दोन-चार ठिपक्यांचाच दिसला असता! माणूस बदलू पाहतो आहे, हे इथे संवादाआधी चौकटच सांगते. मला तरी हे त्या खेळातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मोलाचे वाटते.

जवळिकीची किंमतही मोजावी लागली. खांद्यामागून पाहताना पाठीमागचा शत्रू दिसत नाही. म्हणून रचनाकारांनी क्रेटोसभोवती इशाऱ्याचे बाण दाखवले, आणि मागून कोणी येत असेल तर ते ओरडून सांगण्याचे काम अट्रेयसकडे दिले. २००५ साली सगळे रणांगण एका नजरेत दिसणाऱ्या या योद्ध्याला आता मुलाच्या हाकेकडे कान ठेवूनच लढावे लागते.